सगळ्यांचे कपडे ठरले, स्वतःचे तेवढे राहिले

फोटो काढायचे ठरले की काय घालायचे यावरून झोप उडते, घरात कुरबुरी होतात, आणि इतक्या साध्या गोष्टीचा एवढा ताण आपल्याला का यावा, हे विचारायचीही लाज वाटते, असे सांगणारे सल्लार्थी माझ्याकडे नेहमी येतात. त्यांपैकी एका बाईंचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये अशा बेताने तपशील बदलून, येथे मांडत आहे.

बाई बेळगावात टिळकवाडीला राहतात; सासर खानापूर तालुक्यातले. सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला व्यावसायिक छायाचित्रकार गावच्या घरी बोलावून तीन पिढ्यांचा एकत्र फोटो काढायचा, असे घरात ठरले. "तुला यातलं कळतंय, तूच ठरव की," असे म्हणून सगळ्यांनी कपड्यांची जबाबदारी यांच्यावर सोपवली. मोबाइलवर पाहून यांनी फिकट गुलाबी आणि मोतिया अशी रंगसंगती सुचवली. जाऊबाई धारवाडकडच्या, त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी मुलांचे कपडे लगेच घेऊनही टाकले. सासूबाईंनी मात्र, "ह्यांच्या शुभकार्यात पांढरट कशाला? मी माझं हिरवं इरकलच नेसणार," असे सांगून विषय संपवला. कोल्हापूरच्या नणंदेने कळवले की तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळ्यांनी एकसारखे दिसणे हा प्रकारच हास्यास्पद वाटतो. बाई संध्याकाळी खडे बाजारात आणि शहापुरातल्या साड्यांच्या दुकानांतून हिंडत, आवडलेल्या साड्यांचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत, आणि ज्या फोटोला उत्तर येत नसे तो नापसंत झाला असे धरून चालत.

मी त्यांना घरातल्या प्रत्येकाचे नाव एका कागदावर लिहायला सांगितले आणि त्यापुढे, त्या माणसाचे कपडे खरोखर कोण ठरवणार, हेही लिहायला सांगितले. लिहिताना त्यांच्याच लक्षात आले की मोठ्या माणसांपैकी एकाचाही निर्णय त्यांच्या हातात नव्हता, तरीही प्रत्येकाच्या नाराजीचे ओझे त्यांनी आगाऊच डोक्यावर घेतले होते. आपल्याकडे थोरल्या सुनेच्या वाट्याला असली कामे न बोलता येतात. अधिकार मात्र सोबत येत नाही. या अवस्थेत सगळ्यांना पसंत पडेल असा रंग शोधत राहिले की ताण वाढतच जातो, कारण तसा रंग कोणत्याच दुकानात नसतो.

मग आम्ही कामाची बाजू उलटी धरली. जी गोष्ट बदलणारच नव्हती, ती म्हणजे सासूबाईंचे इरकल, तिलाच आधार मानायचे ठरवले. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावावरून नाव पडलेल्या या साडीचे अंग गडद असते आणि लाल पदरावर पांढऱ्या रंगात विणलेली नक्षी असते. म्हणजे हिरवा, लाल आणि पांढरा हे तीन रंग घरात आधीच होते. बाकीच्यांनी त्यांतल्या एखाद्या रंगाची आपल्याला आवडेल ती छटा निवडावी, एवढाच निरोप ग्रुपवर गेला. जाऊबाईंनी घेतलेला मोतिया पांढऱ्याच्या शेजारी सहज बसला, सासऱ्यांचे धोतर-टोपी आपोआप जुळली, आणि नणंदेच्या मुलीने गडद लाल कुर्ता निवडला तो जीन्सवर घालायच्या अटीवर. मला त्या मुलीचे म्हणणे पटले होते, हे येथे सांगून टाकते. सगळ्यांना एकाच ताग्यातले कापड घातले की फोटोत माणसांआधी कापड दिसते.

छायाचित्रकारांकडून कळलेल्या दोन-तीन गोष्टीही मी त्यांना सांगितल्या. बारीक चौकडीच्या किंवा बारीक रेघांच्या शर्टावर डिजिटल कॅमेऱ्यात कधी कधी लाटांसारखी नक्षी उमटते, कारण कापडाची वीण आणि कॅमेऱ्यातील संवेदकाची जाळी यांचा मेळ बसत नाही. भडक पोपटी किंवा गर्द गुलाबी कापड गळ्याशी असले तर उजेडात त्याची झाक हनुवटीवर पडते. चकाकणारे सॅटिन आणि भरगच्च जरीकाम फ्लॅशमध्ये पांढरे पडू शकते.

हे सगळे होऊनही बाई निवांत नव्हत्या. तो कागद पुन्हा पाहताना मला दिसले की घरातल्या सगळ्यांची नावे त्यावर होती, त्यांचे स्वतःचे नव्हते. "तुम्ही काय नेसणार?" असे विचारल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मी कडेला उभी राहीन हो. नाहीतर फोटो काढायला कुणीतरी लागतंच." छायाचित्रकार पैसे देऊन बोलावलेला असताना फोटो काढायला कुणीतरी लागते, हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावले, त्या हसल्या आणि मग रडल्या. धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर वजन वाढले, तेव्हापासून घरातल्या फोटोंत त्या जवळजवळ नव्हत्याच. आरशात आपण बऱ्या दिसतो, पण फोटोत चेहरा कुणा परकीचा वाटतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्याचे कारणही माहीत आहे. आरशातला आपला चेहरा उलटा असतो आणि तोच रोज पाहून डोळ्यांना सरावाचा झालेला असतो. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात बहुतेकांनी स्वतःचा आरशासारखा उलटा छापलेला फोटो पसंत केला, तर त्यांच्या मैत्रिणींनी किंवा जोडीदारांनी सुलटा पसंत केला. आपल्याला जो चेहरा खटकतो, तोच आपल्या माणसांच्या ओळखीचा असतो. कडेला उभे राहण्याबाबतही त्यांचा समज चुकीचाच होता: मोठ्या समूहासाठी रुंद कोनाची लेन्स लावली की कडेची माणसे ताणली जाऊन अधिक जाड दिसतात. लपायला निवडलेली जागाच त्यांना सगळ्यांत गैरसोयीची ठरली असती.

स्वतःच्या साडीसाठी मी एकच अट घातली: नवी घ्यायची नाही. जी नेसून अंगणात कामे केली, जेवण वाढले, मुलाला उचलून घेतले तरी निऱ्यांकडे लक्ष जात नाही, अशी साडी निवडायची. फोटोत खांद्यांचा आखडलेपणा कापडाच्या रंगाआधी दिसतो. त्यांनी एक जुनी सुती साडी काढली, मेंदी रंगाची, आणि तिच्यावरचा घट्ट झालेला ब्लाउज उसवून घेतला. वजन कमी झाल्यावर बसेल म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच ठेवला होता. मला विचाराल तर सबंध समुपदेशनातले अवघड पाऊल तेच होते. फोटोच्या दिवशी त्या सासूबाईंच्या मागे, मधल्या ओळीत उभ्या राहिल्या. धाकट्याने ऐन वेळी मोतिया सदऱ्यावर आमरस सांडला, तेव्हा त्याला त्यांनीच पुढे घेतले आणि पदराने डाग झाकला.

अशी चिंता बहुतेकांच्या बाबतीत एवढ्या बोलण्याने उतरते. परंतु एखादी व्यक्ती दिवसातला बराच वेळ आरशासमोर एकाच अवयवातले व्यंग शोधण्यात घालवत असेल, दिसण्याच्या भीतीने लग्नकार्ये टाळत असेल किंवा जेवण तोडत असेल, तर प्रश्न कपड्यांचा राहिलेला नसतो. तिला मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे, आणि नेताना "एवढं काय त्यात" हे शब्द घरच्यांनी टाळावेत.