तलंगा बोक्यानेच मारल्या कशावरून?

धायरीकर, प्रश्न वाचला. पंधरवड्यात चार पिल्लं दिवसाढवळ्या एकेक करून गायब झाली. परवा सकाळी खुराडं उघडलं तर दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मरून पडलेल्या. मानेला चावा, रक्त, पण मांस जवळपास तसंच. शेजारचा पिवळा बोका कंपाउंडच्या भिंतीवर बसून असतो म्हणून संशय त्याच्यावर, आणि त्याचा ‘कायमचा बंदोबस्त’ कसा करायचा असं तुम्ही विचारताय.

माझ्या मते पिल्लांचं पाप बोक्याच्या माथी मारता येईल, तलंगांचं नाही. मांजर झेपेल तेवढंच उचलतं. पाव-अर्धा किलोचं पिल्लू तोंडात धरून भिंत चढून जातं, मागे चार पिसं राहतात. वाढलेल्या कोंबडीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. एखादा दांडगा बोका जातो, पण तोही एकीलाच धरून ओढत नेतो. एका दमात दोघींच्या माना फोडायच्या आणि तिथंच टाकून जायचं, ही मुंगसाची नाहीतर उदमांजराची रीत. भटकी कुत्री शिरली असती तर खुराडंच मोडलेलं दिसलं असतं आणि अंगणभर पिसं उडाली असती. सापाने काम केलं तर अंडी आणि लहान पिल्लं नाहीशी होतात, मागे टरफलही उरत नाही. पिल्लांचे पाय कुरतडलेले दिसले किंवा पिल्लू बिळाकडे ओढलेलं दिसलं तर घूस.

आता वेळ बघा. मुंगूस दिवसाचं जनावर. तांबडं फुटल्यावर फिरायला लागतं, मध्यरात्री येत नाही. उदमांजर उलट, सगळा कारभार रात्रीचा. दिवसा झाडावर नाहीतर एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर झोपलेलं असतं. तुम्ही खुराडं आठ वाजता उघडता असं लिहिलंय. म्हणजे उजाडल्यापासून तुम्ही दार उघडेपर्यंत मुंगसाला भरपूर वेळ मिळतो. रात्री कोंबड्यांचा कालवा ऐकू आला होता का? कोंबडीला अंधारात धड दिसत नाही, ती दांडीवरून हलत नाही, त्यामुळे रात्रीचा हल्ला बऱ्याचदा फारसा गाजावाजा न होता उरकतो. म्हणजे आवाज आला नाही एवढ्यावरून उदमांजर सुटत नाही.

खात्री करायची असेल तर आज झोपण्यापूर्वी खुराड्याभोवती हातभर रुंदीत राख नाहीतर रांगोळी पसरा. (पीठ नको, उंदरांची मेजवानी होते.) मांजराचं पाऊल गोल, चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत, कारण चालताना ते नखं आत ओढून घेतं. कुत्र्याचीही चारच बोटं, पण पुढे नखांचे ठसे उमटतात. मुंगसाची पाच बोटं आणि प्रत्येकापुढे सुईने टोचल्यासारखा बारीक ठिपका. भूगावला एका ओळखीच्यांकडे असाच बोक्याच्या नावाने शिमगा चालला होता. राख टाकली तर ठसे थेट दाराच्या उंबऱ्याशी गेलेले. दाराची फळी पावसाने फुगून वाकली होती, खालच्या कोपऱ्यात तीन बोटं जातील एवढी फट, आणि फटीच्या कडेला करडे-पांढरे पट्टे असलेले राठ केस अडकलेले. मुंगसाच्या केसावर असे आळीपाळीने गडद-फिकट पट्टे असतात, उन्हात धरला की लगेच कळतं.

बंदोबस्त करायचाय तो खुराड्याचा. तुमच्या फोटोत षटकोनी चिकन जाळी दिसते. ती कोंबडी आत ठेवायला ठीक, बाहेरच्याला अडवायला कुचकामी. कुत्रं दातांनी फाडतं, मुंगसाचं पिल्लू आरपार जातं, आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला बाहेरूनच पंजा घालता येतो. पुण्यात बोहरी आळीत जा, अर्धा इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी) मागा, 19 किंवा 20 गेजची, गॅल्व्हनाइज्ड. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, त्यामुळे दुकानदार स्वस्तात 24 ची देत असेल तर घेऊ नका. जाळी नुसत्या यू खिळ्यांवर ठेवू नका. वरून लाकडी पट्टी मारून स्क्रू घाला, नाहीतर जोर लावला की कोपरा सुटतो.

जमिनीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. खाली फरशी किंवा कोबा असेल तर प्रश्न मिटला. माती असेल तर जाळी तळाशी काटकोनात वळवून बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर पसरा आणि वर माती, विटा टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं. दीड फूट मागे सरकून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. दाराला दोन कड्या, वर एक आणि खाली एक, म्हणजे फळी वाकली तरी फट पडत नाही. पत्र्याखाली वाऱ्यासाठी ठेवलेली मोकळी जागाही जाळीनेच बंद करा, प्लायने नको. एप्रिल-मे महिन्यात आत भट्टी होते.

पिल्लांचं गणित वेगळं. दिवसा बोका आहे, कावळे आहेत, घार आणि शिक्रा आहे. खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्लं असतील तर आई बोक्याच्या अंगावर धावून जाते. अंडी उबवायच्या मशीनमधून निघालेल्यांना कोणी वाली नसतो. अशांना बुरूड आळीतलं मोठं डालगं (बांबूची टोपली) आणा, वर दगड ठेवा. अंगणात मोकळं सोडायचंच असेल तर वरून नायलॉनची जाळी ताणा. पिल्लं अर्ध्या किलोच्या पुढे गेली की बोक्याचा रस कमी होतो. कोंबडा ठेवलात तर धोका दिसताच तो ओरडून सगळ्यांना आडोशाला पळवतो, पण पहाटे चारच्या बांगेवरून शेजाऱ्यांशी होणारं भांडण तुमचं तुम्ही निस्तरायचं.

विषाचा विचार डोक्यातून काढा. मांजराला विष घालणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मुंगूस, नाग, धामण हे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत. उंदरांसाठी ठेवलेलं विष आधी तुमच्याच कोंबड्या टिपतील. कोणीतरी घरच्या मीटरवरून तारेत करंट सोडायचा सल्ला दिलाय, त्याने माणूस मरतो. असले सल्ले देऊ नयेत. मिरचीपूड एका सरीत वाहून जाते. डांबराच्या गोळ्या विषारी असतात, कोंबडी चोच मारते. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा किंवा वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

बोक्याच्या मालकांशी मात्र जरूर बोला, पण तक्रारीच्या सुरात नको. नसबंदी झालेला बोका कमी भटकतो, तेवढं सुचवा. खरं सांगायचं तर तो बोका तुमच्याकडे कोंबड्यांपेक्षा उंदरांसाठी येत असण्याची शक्यता जास्त. रात्रभर उघडं राहणारं खाद्याचं भांडं आणि खाली सांडलेला मका यावर उंदीर-घुशी पोसल्या जातात, त्यांच्यामागे मांजर येतं, धामण येते, नागही येतो. दिवेलागणीला भांडी आत घ्या, अंडी उचला, खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

मेलेल्या तलंगा कचऱ्यात किंवा नाल्यात टाकल्या असतील तर पुढच्या वेळी तसं करू नका, वासाने कुत्री लागतात. खोल खड्डा, चुना, वर दगड.

जाळी लागेपर्यंत उरलेल्या कोंबड्यांना रात्री जिन्याखाली किंवा जुन्या बाथरूममध्ये दार लावून कोंडा, आणि उजाडल्यावर तुम्ही स्वतः अंगणात असाल तेव्हाच सोडा. राखेतल्या ठशांचे फोटो इथे टाका, शेजारी एखादं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल.