मालगाडी चालते, फोन का नाही?

प्रश्न : आमचं घर भुसावळला रुळांलगत आहे. रात्रंदिवस गाड्या धडधडतात, त्याने माझा अभ्यास अडत नाही. पण फोन नुसता थरथरला तरी अर्धा तास जातो. मन विचलित होणं म्हणजे नेमकं काय? शिवाय अण्णा मधेच हाक मारतात, त्याचं काय करू?
— स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, मी भुसावळ विभागात स्टेशन मास्तर होतो. मालगाडीने माझी झोप कधी मोडली नाही. पण बायकोने ओट्यापासून हळूच ‘अहो’ म्हटलं की डोळे उघडत. १९५९ मध्ये मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी हेच तपासलं. दोन कानांत दोन वेगळी बोलणी, लक्ष एकाकडेच द्यायचं. दुसऱ्या कानातलं लोकांच्या लक्षातही राहिलं नाही, पण त्यात स्वतःचं नाव आलं तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू आलं. गाडी तुझं नाव घेत नाही. फोन घेतो.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, विक्षेप. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणं. पतंजलींनी चित्ताचे नऊ विक्षेप मोजले. त्यात व्याधी पहिली, पुढे संशय आहे, आळस आहे. आवाज नाहीच!

मला हे उशिरा पटलं. एका लहान स्टेशनवर रात्रपाळीला असताना निरोप आला, आईला धुळ्याला दवाखान्यात नेलंय. बाहेर चिटपाखरू नव्हतं. तरी त्या रात्री मी ट्रेन रजिस्टरात गाडी सुटल्याची वेळ पोचल्याच्या रकान्यात लिहिली. निभावलं, पण सकाळी ते पान बघून अंगावर काटा आला. हात भुसावळच्या गाड्या लिहीत होता, मी धुळ्याला होतो.

तुझ्या अर्ध्या तासाचंही तेच. मेसेज वाचायला दहा सेकंद लागतात. बाकीचा वेळ परत यायला. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की काम अर्धवट टाकून दुसरं घेतलं तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. इंजिन दुसऱ्या रुळावर, डबे यार्डातच. त्यांनीच पुढे उपायही तपासला : उठण्याआधी कुठे थांबलो आणि आल्यावर काय करायचं, हे चार शब्दांत लिहून ठेवायचं. डबे सुटायला मदत होते.

आमच्याकडे ड्रायव्हर आणि असिस्टंट सिग्नल दिसला की तो एकमेकांना मोठ्याने पुकारून सांगतात. डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने म्हटलं की मन दुसरीकडे पळायला जागा कमी उरते. वाचताना डुलकी लागली तर तूही पुकारून बघ. शेजारी हसतील, हसू देत.

फोन दुसऱ्या खोलीत ठेव. उलटा ठेवला, म्यूट केला, हे सगळं मी स्वतः करून फसलोय.

आणि अण्णांची हाक? तिथे उठावंच लागतं. फक्त ‘आले’ म्हणायच्या आधी वहीच्या कडेला ती ओळ लिही.