वाचक विचारतात : परसातलं लपण

मागच्या अंकात परसातल्या पक्ष्यांच्या फोटोंवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. सगळी घेणं शक्य नाही, ज्यांची उत्तरं बाकीच्यांनाही उपयोगी पडतील अशी चार घेतलीयेत.

प्रश्न : ताई, घरामागे पेरू, कढीपत्ता, जास्वंद आहे, शिंजीर, चष्मेवाला, दयाळ हे पक्षी रोजचे. बांबू आणि हिरवी शेडनेट आणून शनिवारी रात्री हाइड, म्हणजे पक्ष्यांना न दिसता आत बसून फोटो काढायचं लपण, उभी केली, रविवारी सहाला आत जाऊन बसलो ते साडेनऊपर्यंत. एकही पक्षी जवळ आला नाही, सगळे पेरूवर बसून नुसते ओरडत होते. झूम लेन्स 70-300 मिमीची आहे, कॅमेरा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला. काय चुकलं? (वाई)

उत्तर : शनिवारी उभी केलीत आणि रविवारी बसलात, इथंच चुकलं. रात्रीतून तुमच्या हॉलमधे कुणी अनोळखी कपाट आणून ठेवलं तर तुम्हीही आधी दारातूनच बघाल की! लपण उभं करायचं आणि आठवडाभर विसरून जायचं, जमलं तर आधी नुसते बांबू, दोन दिवसांनी कापड, असं टप्प्याटप्प्याने. दयाळ लपणाच्या डोक्यावर बसून गायला लागला की समजा तुमचा नंबर लागला.

दुसरं म्हणजे शेडनेट. एक पदरी नेट माणसाला लपवत नाही, मागून उजेड आला की आत बसलेला माणूस पडद्यावरच्या सावलीसारखा दिसतो. घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि पक्षी जिथे बसणार तिथून स्वतः बघा, लगेच कळेल. मागच्या बाजूला गोणपाट किंवा जुनी काळी चादर दुहेरी लावा आणि कापड सुतळीने ताणून बांधा, खाली विटा ठेवा. मी पहिलं लपण आईच्या जुन्या नऊवारीचं केलं होतं, वाऱ्याने पदर फडफडला की सगळं परस रिकामं, दोन दिवस मी लेन्सला दोष देत बसले. पक्ष्यांचं रंगाशी फारसं वाकडं नसतं हो, हलणाऱ्या गोष्टीशी असतं. म्हणून लेन्सचं तोंड भोकाबाहेर काढून इकडेतिकडे फिरवू नका. भोकाला जुन्या स्वेटरची बाही शिवून टाका, लेन्स त्यातून फिरते आणि हात दिसत नाहीत. आणि तुम्ही नसाल तेव्हा त्या बाहीत एक काळी बाटली अडकवून ठेवा, पक्ष्यांना त्या काळ्या गोलाची सवय होते.

अंतराचं म्हणाल तर तुमच्या कॅमेऱ्यावर झूम 300 मिमीला ठेवून दहा फुटांवर फ्रेम जेमतेम वीतभर रुंद येते. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे फ्रेमचा अर्धा भाग भरला, आणखी जवळ जायची गरजच नाही. पण इतक्या जवळून एफ 5.6 वर (लेन्सचं छिद्र किती उघडं, त्याचा हा आकडा) फोकसमधे राहतं ते दोन सेंटिमीटरभरच, त्यामुळे डोळ्यावर फोकस ठेवा, शेपूट धूसर आली तर येऊ द्या. शटर 1/1000 सेकंदापेक्षा हळू नको, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 1600 करावा लागला तरी करा, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

आणि आत जाताना बरोबर कुणाला तरी घेऊन जा. दोघं आत गेलात, एक बाहेर आला आणि बोलत बोलत घरात निघून गेला की छोट्या पक्ष्यांना वाटतं लपण रिकामं झालं, त्यांना हिशेब जमत नाही. कावळ्याला मात्र जमतो!

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी ठेवतो, पण सातभाईच येऊन धिंगाणा घालतात. नाचण, शिंपी झाडीत दिसतात पण पाण्यावर येत नाहीत. धान्य टाकून बघितलं, उपयोग नाही. (नागपूर)

उत्तर : धान्याने चिमण्या, मुनिया, होले येतील. नाचण आणि शिंपी किडे खाणारे, त्यांना तुमच्या बाजरीचं काय कौतुक. त्यांना खाली आणायचं तर पाणीच, आणि तेही वाजणारं. भांडं खोल नको, मातीचा पसरट परळ घ्या, पाणी इंचभर, मधे एक खडबडीत दगड. वर फांदीला बाटली टांगून बुडाला सुईने भोक पाडा, थेंब पडत राहिला पाहिजे, टप्... टप्... इतकंच. तो आवाज आणि पाण्यावरची ती वर्तुळं यांनी जे काम होतं ते पाच लिटरच्या टोपाने होत नाही. जवळ चारपाच फुटांवर झुडूप हवं, पळून शिरायला, पण अगदी लागून नको नाहीतर मांजर तिथेच दबा धरून बसतं.

परळापासून फूटभर अंतरावर एक वाळकी फांदी रोवा, बोटापेक्षा जाड नको. छोटा पक्षी थेट पाण्यात उतरत नाही, आधी तिथे बसून चारी दिशा बघतो आणि फोटो तिथलाच घ्यायचा, मातीच्या भांड्यात बसलेल्या पक्ष्याचे फोटो सगळ्यांकडे असतात. फांदीच्या मागे पंधराएक फूट मोकळं ठेवा म्हणजे मागचं सगळं हिरवं धूसर होतं. आमच्याकडे कोकणात मागच्या एप्रिलमधे सातभाई सगळं पाणी उडवून गेले, मी वैतागून सामान आवरायला घेतलं आणि तेवढ्यात नारिंगी डोक्याचा कस्तूर पालापाचोळ्यातून चालत आला, थांबला, पायाने एक पान उलटं केलं, खाली काहीच नव्हतं, मग आंघोळीला उतरला. माझी लेन्स तेव्हा बॅगेत. तेव्हा सातभाई गेल्यावर अर्धा तास तरी उठू नका, बाकीची मंडळी त्यांच्या जाण्याचीच वाट बघत असतात.

पाणी रोज ओतून टाका आणि परळ काथ्याने घासा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आणि नागपूरच्या मे महिन्यात दहाच्या पुढे लपणात बसू नका बाबा, आत भट्टी होते.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, परस कुठलं? गॅलरीतल्या कुंडीत शिंप्याने पानं शिवून घरटं केलंय, पिल्लं आहेत बहुतेक. पुढची दोन पानं बाजूला बांधली तर फोटो छान येईल. बांधू का? (डोंबिवली)

उत्तर : नको. ती दोन पानं म्हणजे त्यांचं छप्पर आणि दरवाजा दोन्ही. बाजूला केलीत की दुपारचं ऊन थेट पिल्लांवर आणि कावळ्याला वरून सगळं उघडं. शिंपी साधारण बारा दिवस अंडी उबवतो, पुढे दोन आठवड्यांत पिल्लं उडतात, तुमच्याकडे पिल्लं असतील तर उरलेत किती दिवस? कळ काढा. बऱ्याच फोटोस्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत, आणि अंडी-घरट्यांना हात लावणं 1972 च्या वन्यजीव कायद्यातही बसत नाही. कुंडीला पाणी घालायचं तर झटपट घाला आणि निघा.

आणि तुमची खोली हेच तुमचं लपण, तुम्हाला बांबू बांधायचीही गरज नाही. दिवा बंद, पडदा ओढलेला, फटीतून लेन्स. काच उघडता येत नसेल तर बाहेरून-आतून पुसा आणि लेन्सचा हूड (पुढचं गोल झाकणासारखं कडं) काचेला टेकवा म्हणजे प्रतिबिंब येत नाही. आईबाप चोचीत अळी धरून आधी गॅलरीच्या दांडीवर टेकतात, तो फोटो घ्या, घरट्यापेक्षा कितीतरी चांगला येईल.

प्रश्न : मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवला तर लगेच येतो म्हणतात. करावं का? शिवाय मी गोणपाटात बसतो म्हणून शेजारी हसतात. (फलटण)

उत्तर : आवाज वाजवू नका. तो येतो कारण त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसलाय, पिल्लांना भरवायचं सोडून तो भांडायला येतो आणि भांडायला कुणीच नसतं.

हसणाऱ्यांना सांगा की इंग्लंडमधे रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पक्ष्यांचे फोटो काढायला चक्क पोकळ बैल बनवला होता, खऱ्या कातड्याचा, आत माणूस आणि कॅमेरा. तुमचं गोणपाट त्यापुढे साधंच. आत शिरण्याआधी काठीने जमीन आणि गोणपाट झटकून घ्या, रात्रभर पडून असलेल्या गोणपाटाखाली विंचू-घोणस निघू शकतात. शेजाऱ्यांना एकदा आत बसवून दाखवा, निम्मी चेष्टा तिथेच थांबेल. आणि लेन्सचं भोक त्यांच्या न्हाणीघराकडे तोंड करून नाहीये ना, तेवढं मात्र आजच तपासा.