माल कस्टम्सनं अडवला, मग भाडं माझ्या माथी का?

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझा प्लॅस्टिक मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. परदेशातून प्लॅस्टिकच्या दाण्याचा चाळीस फुटी कंटेनर मागवला. तो न्हावा शेव्याला उतरून द्रोणागिरीच्या एका सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) गेला. बँकेतून कागद सुटायला वेळ लागला, म्हणून बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टम्सकडचं विवरण) भरेपर्यंत ७ दिवस गेले. पुढे दाणा नवा की रिसायकल केलेला, या शंकेवरून कस्टम्सनं नमुना लॅबला पाठवला. त्यात ३८ दिवस गेले. रिपोर्ट आमच्या बाजूनं आला, आउट ऑफ चार्जही (माल सोडायचा कस्टम्सचा हुकूम) मिळाला. आता १४ फ्री डेज (कंटेनर वापरायचे बिनआकाराचे दिवस) वजा करून शिपिंग लाइन ४० दिवसांच्या डिटेन्शनचे ३ लाख १० हजार आणि सीएफएस ग्राउंड रेंटचे २ लाख ६० हजार मागतेय. या वादात आणखी ९ दिवस गेले (तेही त्या ४० मध्ये धरलेत), माल तिथंच आहे. हे पैसे कस्टम्सकडून वसूल होतील का?

उत्तर : नमस्कार. कस्टम्सकडून पैसे मिळण्याची आशा सोडून द्या. अधिकाऱ्यांनी प्रामाणिकपणे केलेल्या कारवाईला कस्टम्स कायदा, १९६२ च्या कलम १५५ चं संरक्षण आहे. नमुना तपासणं हे तर त्यांचं रोजचं काम, त्यात दुष्ट हेतू सिद्ध करणं तुम्हाला जमायचं नाही. पण म्हणून दोन्ही बिलं निमूट भरायची असंही नाही. ती दोन वेगळ्या लोकांची, वेगळ्या वस्तूंसाठीची आहेत. लाइन तिचा डबा अडकल्याचे पैसे मागते, सीएफएस त्याच्या जागेचे. तुमचा सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) दोन्हींना सरसकट ‘डॅमरेज’ म्हणत असेल, बंदरात सगळेच म्हणतात, पण कायद्यात दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

आधी लाइनचं बिल, कारण तिथं तुमची बाजू भक्कम आहे. सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट रेग्युलेशन्स, २०१८ च्या नियम १० नुसार, बिल ऑफ एन्ट्रीतली माहिती पडताळण्यासाठी कस्टम्सनं माल अडवला आणि माहिती बरोबर निघाली, तर त्या काळाचं डिटेन्शन लाइनला मागता येत नाही. ही सवलत ६० दिवसांपर्यंतच आहे. तुमचे ३८ दिवस त्यात आरामात बसतात.

उरले तुमचे स्वतःचे १६ दिवस : सुरुवातीचे ७ आणि शेवटचे ९. त्यातून १४ फ्री डेज वजा केले तर देणं फक्त २ दिवसांचं. लाइन हे मान्य करणार नाही. फ्री डेज सलग मोजायचे असतात आणि ते चौदाव्या दिवशीच संपले, असं ती म्हणेल. तिचं हे म्हणणं धरलं तरी देणं ९ दिवसांचं, ४० चं नाही. माझं मत विचाराल तर २ दिवस मागा आणि ९ वर तडजोडीची तयारी ठेवा. फक्त त्या ९ दिवसांना कोणता दर लावलाय ते बघा. डिटेन्शनचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो, आणि ३८ दिवस वगळल्यावरही शेवटच्या, सगळ्यात महाग टप्प्याचा दर लावणं मला पटत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही, आणि सगळं तिच्यावरच अडलंय. माल लवकर सुटावा म्हणून मध्येच कुठं किंमत वाढवून घ्यायला किंवा शुल्कासाठीचं मालाचं वर्गीकरण बदलायला लेखी संमती दिलीत का? बरेच आयातदार देतात, आणि सीएचएही ‘सही करून टाका, सुटू दे’ म्हणतो. तशी सही असेल तर ‘माहिती बरोबर निघाली’ ही अट पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही. अंतिम बिल ऑफ एन्ट्री आजच तपासा.

सीएफएसच्या बाबतीत वाट जरा निसरडी आहे. हँडलिंग ऑफ कार्गो इन कस्टम्स एरियाज रेग्युलेशन्स, २००९ मध्ये कस्टम्सनं जप्त केलेल्या किंवा अडवलेल्या मालावर भाडं घेऊ नये असं म्हटलंय, पण ‘इतर कायद्यांच्या अधीन राहून’. याच शब्दांमुळे मुंबई पोर्ट ट्रस्ट विरुद्ध श्री लक्ष्मी स्टील्स या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं भाड्याचं ओझं आयातदारावरच ठेवलं. मात्र तिथं समोर होतं बंदर, आणि बंदराच्या मागं स्वतःचा कायदा होता. खासगी सीएफएसला ती ढाल जशीच्या तशी मिळू नये असं मला वाटतं. सीएफएस दुसरा मुद्दाही काढेल : माल ‘अडवलेला’ नव्हता, फक्त रिपोर्टची वाट बघत होता. म्हणून कस्टम्सकडून अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माल तपासणीसाठी अडवला होता, असं डिटेन्शन सर्टिफिकेट मागा. ते हातात नसेल तर दोन्हीकडं तुमचं बोलणं हवेत जाईल.

सर्टिफिकेट आलं की लाइन आणि सीएफएस दोघांना पत्र लिहा आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसमधल्या आयुक्तांना प्रत द्या. लाइनची नोंदणी आणि सीएफएसची मान्यता कस्टम्सच्याच हातात असते, त्यामुळं वकिलाच्या नोटिशीपेक्षा ही प्रत लवकर काम करते. (हे वकिलानं सांगायला नको खरं तर.)

पण या पत्रांच्या उत्तराची वाट बघत माल तिथं ठेवू नका. शेवटचे ९ दिवस कोणत्याही नियमात माफ होत नाहीत आणि दहावा दिवस उद्या आहे. डिलिव्हरी ऑर्डरची (माल ताब्यात द्यायच्या लाइनच्या पत्राची) मुदत वाढवून देताना लाइन पूर्ण रकमेसाठी अडून बसली, तर ‘हरकत राखून भरत आहे’ असं ईमेलवर आणि पत्रावर स्पष्ट लिहून भरा, माल काढा, रिकामा कंटेनर परत करून पावती घ्या. सीएफएसचंही तसंच. दबावाखाली घेतलेले पैसे परत करण्याची जबाबदारी करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे, आणि वसुलीच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत मिळते. तोंडी हरकत घेतलीत तर ती कुणाला आठवणार नाही.

पुढच्या खेपेला नमुना लॅबला गेला की लगेच सीएफएसच्या गोदामात डी-स्टफिंगची (कंटेनरमधून माल उतरवून घ्यायची) परवानगी मागा, म्हणजे रिकामा डबा परत जाऊन लाइनचं मीटर थांबेल. कलम ४९ खाली माल क्लिअर होईपर्यंत वेअरहाउसमध्ये हलवण्याची सोयही आहे.

दावा करायची वेळ आलीच तर ३ लाख किंवा त्यावरची व्यापारी रक्कम व्यावसायिक न्यायालयात जाते आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. कारखाना ठाणे जिल्ह्यात, सीएफएस रायगडमध्ये, आणि बिल ऑफ लेडिंगच्या (लाइननं दिलेल्या माल-वाहतुकीच्या कागदाच्या) पाठीवर बारीक अक्षरात बहुधा तिसऱ्याच ठिकाणच्या कोर्टाचं नाव असेल. ते कलम वाचल्याशिवाय दावा कुठं लावायचा हे मला सांगता येणार नाही, तेव्हा बिल ऑफ लेडिंगची प्रत काढताना मागची बाजूही काढा.