जुन्या व्हिडिओ गेमच्या रीमेकसाठी क्राउडफंडिंगमध्ये पैसे द्यावेत का?

द्यावेत, परंतु क्राउडफंडिंग म्हणजे अनेकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन निधी उभारणे; ही आगाऊ खरेदी नव्हे, हे मनाशी पक्के करूनच द्यावेत. १९९४ च्या ‘सिस्टिम शॉक’चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. नाइटडाइव्ह स्टुडिओजने त्याच्या रीमेकसाठी २०१६ मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर ९ लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवले आणि २१ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे साडेतेरा लाख डॉलर जमवले. गेम डिसेंबर २०१७ पर्यंत देण्याचे ठरले होते. मात्र दरम्यान गेम बनवण्याचे युनिटी हे सॉफ्टवेअर सोडून अनरिअल इंजिन हे दुसरे स्वीकारले गेले, मूळ गेममध्ये नवनवी भर घालण्याचा मोह वाढत गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये काम काही काळ थांबवून पहिल्या आराखड्याकडे परतावे लागले. संगणकावर तो अखेर ३० मे २०२३ रोजी आला. इतक्या विलंबानंतरही तो मूळ गेमशी प्रामाणिक राहिला, याचे मला मनापासून समाधान वाटते.

म्हणून निर्मात्यांकडे मूळ गेमचे हक्क आहेत का, हे आधी पाहावे. नाइटडाइव्हकडे ते होते, शिवाय मोहिमेच्या सुरुवातीलाच त्यांनी मोफत डेमो खेळायला दिला होता. केवळ आकर्षक चित्रफीत पुढे करणाऱ्या मोहिमेला मी पैसे देणार नाही.