खुनी बदलला तर चालतं का?

मागच्या महिन्यात सहज लिहून गेले होते की, उन्हाळ्यात दुपारची भांडी आवरली की मी अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलची, म्हणजे खुनाचे छडे लावणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईंची, मालिका लावून बसते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले, या वेळी गुडघेदुखी आणि सुनेच्या तक्रारी राहू द्या, हेच घ्या. घेतलं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात ३६ वर्षं लघुलेखिका होते. साक्षीदार बोलायचे, साहेब सांगायचे, मी टिपायची. खुनाचे खटले पुष्कळ ऐकले, पण ग्रंथालयात गालिच्यावर पडलेलं प्रेत काही आमच्याकडे आलं नाही.

‘द बॉडी इन द लायब्ररी’ वाचली आणि मग तिच्यावरचा मालिकेतला भाग पाहिला. खुनी वेगळाच निघाला! असं करायची परवानगी असते का? – एक वाचक, गोकुळपेठ

तुम्ही पाहिला तो २००४ चा, जेराल्डिन मॅकएवन मार्पल असलेला. त्यात शेवट खरंच बदललाय. याची किंमत मी अर्धा किलो संत्रा बर्फीत मोजली आहे.

झालं असं की, ही कादंबरी मी १९८१ साली बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तीन रुपयांना उचलली. घरी येऊन रात्री जागून वाचली, तर शेवटची सोळा पानं गायब. बांधणीतला अख्खा फर्माच सुटून गेलेला. दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे गेले तर तो म्हणाला, “ताई, तीन रुपयांत खुनी पण पाहिजे का तुम्हाले?” पुढं नोकरी, लग्न, मुलं. दुसरी प्रत हाती आली नाही. बऱ्याच वर्षांनी भाच्यानं सीडी आणून दिली, तेव्हा एकदाचा खुनी कळला आणि मी सुखानं झोपले. मग ऑफिसात एकदा विषय निघाला. आमच्या एका सहकाऱ्यानं पूर्ण पुस्तक वाचलेलं. तो म्हणे अमुक, मी म्हणे तमुक. पैज लागली. त्यानं पुस्तकच आणून टेबलावर ठेवलं. म्हणजे वीस-पंचवीस वर्षं खुनी माहीत नव्हता, आणि कळला तोही चुकीचा.

आता परवानगीचं. लेखिकेच्या वारसांकडून हक्क घेतलेले असतात, तेव्हा कायद्यानं चालतं. मनानं चालतं का, हा प्रश्न आहे. ख्रिस्तीबाईंनी स्वतः हे केलंय, हे आधी लक्षात घ्या. १९३९ च्या ‘अँड देन देअर वेअर नन’चं त्यांनीच १९४३ मध्ये नाटक केलं, तेव्हा शेवट बदलून टाकला. ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’चं १९४५ मध्ये नाटक करताना तर त्यातून चक्क आपल्या लाडक्या गुप्तहेराला, पॉयरोलाच काढून टाकलं, आणि उलगडाही बदलला. गंमत म्हणजे त्याच नाटकात जोन हिक्सन नावाची नटी एक छोटी भूमिका करत होती. बाईंनी तिला चिठ्ठी पाठवली की, कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल करावी अशी इच्छा आहे. ती इच्छा पुरी व्हायला १९८४ उजाडलं. बाई तोवर वारल्या होत्या आणि हिक्सन ७८ वर्षांच्या झाल्या होत्या. १९९२ पर्यंत त्यांनी मार्पलच्या बाराही कादंबऱ्या केल्या. त्यातली पहिली तुमचीच, ‘बॉडी इन द लायब्ररी’. ती मिळाली तर पाहा.

माझी तक्रार खुनी बदलण्याबद्दल नाहीच. पुरावा न बदलता खुनी बदलतात, त्याबद्दल आहे. कादंबरीत पहिल्या पानापासून जे जे ठेवलेलं असतं, ते त्या एका माणसाकडे बोट दाखवण्यासाठी ठेवलेलं असतं. शेवटच्या दहा मिनिटांत दुसऱ्याला उभं केलं की, आधीचा मुद्देमाल त्याच्या अंगावर बसत नाही. मापाचं नसलेलं ब्लाऊज घातल्यासारखं दिसतं, कुठंतरी ओढ बसतेच.

आणखी एक. कोर्टात मी जे टाइप करायची, ते नुसते शब्द. “हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या दिवशी घरी नव्हतो.” एवढंच कागदावर. हे म्हणताना त्या माणसानं रुमालाची घडी चारदा घातली, बायकोकडे पाहायचं टाळलं, हे कागदावर येत नाही. साक्षीदाराच्या हावभावाबद्दल शेरा लिहायचा अधिकार साहेबांना असतो, पण ३६ वर्षांत तसा शेरा मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका घेतला असेल. कादंबरी म्हणजे हा टाइप केलेला जबाब. मालिका म्हणजे पिंजऱ्यात उभा असलेला माणूस. तुमच्या पुस्तकात मेलेल्या मुलीच्या नखांबद्दल एक साधं वाक्य आहे (रागावू नका, यापुढं काही सांगत नाही). वाचताना ते डोळ्यांखालून निघून जातं. पडद्यावर काय करणार? कॅमेरा हाताजवळ नेला की घरातली पाच वर्षांची नातसुद्धा म्हणेल, “आजी, नखं बघ!” नाही नेला तर पाहणाऱ्याला पुरावा दिलाच नाही. हात चौकटीत असावा आणि नजर दुसरीकडे असावी, हे ज्याला जमलं त्यानं खुनी बदलला तरी मी माफ करीन. हिक्सनबाईंना हे चेहऱ्यानं जमतं. विणकाम चालू असतं, समोरचा बोलत असतो, आणि एका वाक्यावर त्यांच्या सुया थांबतात. त्यांच्याकडे बघत राहा. कुठला शब्द महत्त्वाचा होता, ते सुया सांगतात.

नातवंडांबरोबर बसून पाहण्यासारखं आहे का? खून म्हटलं की सून डोळे वटारते. – एक आजी, प्रतापनगर

जुनं आहे ते पाहा. पॉयरोचे सुरुवातीचे भाग, हिक्सनबाईंची मार्पल, फादर ब्राऊन. खून होतो, पण बहुतेक वेळा चहाच्या आधी आणि पडद्याआड. अलीकडे जुन्याच कादंबऱ्या मुद्दाम काळोख्या करून काढतात. २०१५ ची ‘अँड देन देअर वेअर नन’ उत्तम आहे, पुस्तकाचा मूळ शेवटही त्यात ठेवलाय, पण ती सुनेबरोबर पाहा.

शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून पॉयरो भाषण देतो आणि गुन्हेगार कबूल करतो. आपल्याकडे हा खटला टिकेल का? – विधी शाखेचा विद्यार्थी, रामदासपेठ

बाप्पा! पहिल्याच तारखेला कोसळेल. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ तुम्हाला पाठ असेलच. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून तेच साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलंय. आणि इन्स्पेक्टर जॅप तर तिथंच सोफ्यावर बसलेला असतो! बचावाचा वकील म्हणेल, कबुली पॉयरोला दिली, जॅपला नाही, हे आधी सिद्ध करा. बरं, खासगी माणसाला दिलेली कबुली मानायची म्हटली, तरी तिला दुसऱ्या पुराव्याचा टेकू हवा. तो टेकू म्हणजे जळक्या कागदाचा तुकडा, जो पॉयरोनं स्वतःच्या चिमट्यानं उचलून स्वतःच्या खिशात ठेवला. पंच नाहीत, पंचनामा नाही. शिवाय दिवाणखान्यात बसलेले आठ साक्षीदार. त्यांतले पाच उलटतपासणीपर्यंत फितूर होणार, हे मी लिहून देते.

म्हणून तर ते भाषण मला आवडतं. खऱ्या कोर्टात सगळी माणसं एका वेळी एका खोलीत कधी नसतात. एकाचा जबाब मार्चमध्ये, दुसऱ्याचा दिवाळीनंतर. मध्ये साहेबांची बदली होते.

माझा मुलगा म्हणतो जुना पॉयरो फार संथ आहे. सत्तर भाग आहेत, कुठून सुरू करू? – एक दुकानदार, इतवारी

पहिल्यापासून. १९८९ चा अगदी पहिला भाग, ‘क्लॅपहॅम कुक’. तासाभरात संपतो. एक गृहिणी येते आणि म्हणते, माझी स्वयंपाकीण नाहीशी झालीय, शोधून द्या. पॉयरो नाक मुरडतो, अशी किरकोळ कामं मी करत नाही. तेव्हा ती बाई त्याला असं काही सुनावते की, तो निमूट कामाला लागतो. दागिना गेला तर दुसरा येतो हो, चांगली स्वयंपाकीण गेली तर? दिवाळीच्या तोंडावर ज्या घरातली पोळ्या करणारी बाई न सांगता गेलीय, त्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढं त्या बाईचा नवरा एक गिनीचा चेक पाठवून पॉयरोची बोळवण करतो, आता शोधायची गरज नाही म्हणून. तो चेक पॉयरो वटवत नाही, भिंतीवर लावतो. मुलाला एवढंच सांगा, बाप-लेकानं धंद्यात हे कधी केलंय का?

संथपणाबद्दल मुलाचं थोडं खरं आहे. पण डेव्हिड सुशे नावाचा तो नट बघायला वेळ द्या. त्यानं कादंबऱ्या वाचून पॉयरोच्या सवयींची ९३ कलमांची यादी केली होती. चहात साखरेचे किती खडे घालतो, इथपर्यंत. आणि ती तुरूतुरू चाल? त्यासाठी म्हणे पार्श्वभागात नाणं दाबून धरून चालायचा सराव केला. मी एकदा स्वयंपाकघरात करून पाहिलं. जमत नाही. २०१३ पर्यंत, जवळजवळ पंचवीस वर्षं, तो माणूस तसा चालला.

आपल्याकडे असं काही का होत नाही? मला विदर्भात घडणारी अशी मालिका लिहायची आहे. पण इथं ना बर्फ, ना इंग्रजी हवेली. – नाटकवाला पोरगा, महाल

होत नाही असं कसं म्हणता? १९९३ मध्ये दूरदर्शनवर बासू चॅटर्जींचा ब्योमकेश बक्शी लागायचा, तेव्हा तुमचा जन्म झाला नसेल. रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित, आणि सत्यवती आपली सुकन्या कुलकर्णी. गोष्टी बंगालीतल्या, मालिका हिंदीत, आणि आमच्या गल्लीत त्या वेळी कोणी कोणाकडे जायचं नाही. पोशाख साधे, खोल्या साध्या. पैसा कमी होता ते दिसायचं, पण कथेला धक्का लावलेला नसायचा.

अलीकडचं उदाहरण हवं तर विशाल भारद्वाजनं २०२३ मध्ये ख्रिस्तीबाईंची ‘द सिटाफर्ड मिस्टरी’ हिमाचलातल्या सोलांगला नेली. मूळ १९३१ ची, इंग्लंडातल्या डार्टमूरच्या बर्फात अडकलेलं गाव, आणि सुरुवातीलाच प्लँचेट! आत्मा येऊन सांगतो की अमुक साहेब मेले. आपल्या आत्या-मावश्यांनी वाटी उलटी ठेवून केलंय हे सगळं. बर्फासाठी त्यानं बर्फ शोधला, ठीक आहे. तुमच्याकडे बर्फ नाही म्हणून रडता कशाला? बर्फ काय करतो, ते बघा. माणसं आत कोंडतो. बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही, आणि कोण कुठं होतं हे मोजता येतं.

आता मे महिना घ्या. नवतपा. दुपारी एक ते पाच महालात रस्त्यावर कुत्रं नसतं. दारं-खिडक्या लावलेल्या, वाळ्याच्या ताट्या भिजवलेल्या, आणि प्रत्येक घरात डेझर्ट कूलर. त्या कूलरचा आवाज तुम्ही लहानपणापासून ऐकताय म्हणून तुम्हाला तो ऐकूच येत नाही. बाजूच्या खोलीत तांब्याचा हंडा पडला तरी कळत नाही. किंकाळीचं सोडाच. डार्टमूरला हे सुख नाही.

आणि त्यात भारनियमन घाला. गोष्ट त्या वर्षांतली ठेवा, वीज ठरलेल्या वेळी जायची, समजा दुपारी दोनला. वीज गेली की एकाच क्षणी साऱ्या आळीचे कूलर थांबायचे, आणि जी शांतता व्हायची ती अंगावर यायची. तेव्हा मात्र वरच्या माडीवरची चप्पलसुद्धा ऐकू यायची. म्हणजे वाड्यातला प्रत्येक माणूस छातीठोकपणे सांगू शकतो की, दोन वाजेपर्यंत मी काही ऐकलं नाही आणि दोननंतर काहीच झालं नाही. एकजण मात्र म्हणतो, दीड वाजता मी आजोबांचा खोकला ऐकला. कूलर चालू असताना? हे वाक्य तुम्ही पहिल्या भागात, पन्ह्याचे पेले फिरत असताना, सगळ्यात भोळ्या माणसाच्या तोंडी टाका. आणि दिग्दर्शकाला सांगा, त्या वेळी मागं कूलरचा आवाज ठेव. ठेवायचाच. ध्वनिमुद्रणवाला म्हणेल, संवाद नीट येत नाहीत, कूलर बंद करा. त्याचं ऐकलंत तर पुरावा गेला.

शोध कोण लावणार, हे मी सांगत नाही, पण पोलीस नको आणि कोट घातलेला तरुणही नको. वाड्यात पापड लाटायला येणारी कोणी असेल. तिला सगळ्या घरांतल्या वेळा माहीत असतात, आणि तिच्यासमोर लोक खुशाल बोलतात, जणू ती तिथं नाहीच. मिस मार्पलचं भांडवल तरी दुसरं काय होतं?

लिहून झालं की मला पाठवा. मी जबाब तपासल्यासारखे संवाद तपासून देईन. घरी आणून देणार असाल तर सकाळी दहाच्या आत या. दुपारी दार वाजवलंत तर मला ऐकू येणार नाही.