एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये एका प्रोमोटरवर औषधाचा परिणाम मोजायचा आहे. रिपोर्टर म्हणून जीएफपी घ्यावं की ल्युसिफरेज?

तुमच्या कामाला ल्युसिफरेज घ्या. मी रोज दोन्ही वापरते, त्यामुळे कारण सविस्तर सांगते. रिपोर्टर म्हणजे प्रोमोटर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) किती काम करतोय हे प्रकाशाने दाखवणारं प्रथिन.

जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) स्वतः प्रकाश तयार करत नाही. त्याच्यावर निळा प्रकाश टाकला की ते हिरवा परत देतं. ओसामु शिमोमुरा या शास्त्रज्ञांनी १९६२ साली जेलीफिशमधून ते वेगळं केलं, पण रिपोर्टर म्हणून त्याची ताकद दिसली ती १९९४ मध्ये. मार्टिन चॅल्फींनी त्याचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत आणि सी. एलिगन्स या कृमीत घातलं, आणि जेलीफिशमधलं दुसरं काहीही न देता ते चमकलं! चमकणारा भाग प्रथिनातल्याच ६५ ते ६७ क्रमांकाच्या अमिनो आम्लांपासून बनतो, वरून लागतो फक्त ऑक्सिजन. म्हणून जिवंत पेशीत एखादं प्रथिन कुठे आहे हे बघायला जीएफपीला तोड नाही.

तुम्हाला मात्र ‘किती’ आणि ‘आत्ता’ हे हवंय. निळ्या प्रकाशात पेशीतली फ्लेव्हिन्स ही रसायनं आणि मीडियातलं (पेशी वाढवायच्या द्रवातलं) रायबोफ्लेविनही चमकतं, त्यात जीएफपीचा क्षीण सिग्नल बुडतो. शिवाय सस्तन प्राण्यांच्या पेशीत साध्या जीएफपीचं अर्धायुष्य साधारण २६ तास. औषधाने प्रोमोटर बंद पडला तरी दुसऱ्या दिवशी पेशी हिरव्याच! काजव्याचं ल्युसिफरेज हे एन्झाइम साधारण तीन तासांत निम्मं होतं. त्याचा प्रकाश ल्युसिफेरिन (त्याचं सब्सट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं ते रसायन), एटीपी आणि ऑक्सिजनच्या रासायनिक क्रियेतून येतो, बाहेरून प्रकाश टाकावा लागत नाही, त्यामुळे बॅकग्राउंड जवळजवळ शून्य. प्लेट पांढरी घ्या, प्रकाश परावर्तित होऊन रीडिंग वाढतं. काळी प्लेट फ्लुरोसन्ससाठी.

सोबत रेनिला या समुद्री प्राण्याचं ल्युसिफरेज दुसऱ्या, कायम चालू असणाऱ्या प्रोमोटरवर ठेवा आणि दोघांचं गुणोत्तर काढा. नाहीतर प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) ट्रान्सफेक्शन (पेशीत डीएनए घालणं) कमी झालं की तुम्हाला औषधाचा परिणाम झाल्यासारखं वाटेल. हे टाळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. औषध थेट ल्युसिफरेजलाच चिकटू शकतं. पीटीसी१२४ हे संयुग काजव्याच्या ल्युसिफरेजवर आधारित चाचणीतून निवडलं गेलं होतं. २००९ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की ते त्या एन्झाइमलाच बांधून घेतं. बांधलेलं एन्झाइम लवकर तुटत नाही, पेशीत साठत जातं, आणि शेवटी भरपूर सब्सट्रेट दिलं की जास्त प्रकाश देतं. जनुकाचं काम न वाढताही आकडा वाढतो. गंमत म्हणजे ते संयुग त्या एन्झाइमचं इनहिबिटर (काम रोखणारं) आहे! रेनिलाच्या ल्युसिफरेजला ते असं बांधत नाही, त्यामुळे गुणोत्तर काढूनही ही चूक पकडली जात नाही.

तेव्हा तुमचं औषध आधी शुद्ध ल्युसिफरेजमध्ये, पेशींशिवाय, टाकून बघा. प्रोमोटरवरचा परिणाम दिसला तर मूळ जनुकाचा एमआरएनए (जनुकाची नक्कल) क्यूपीसीआर या तंत्राने मोजा. गाइडने परवानगी दिली तर हे पहिल्याच महिन्यात उरकून घ्या.